बॅटरी १२.६ दाखवते, तरी डेटा का जातो?

मागच्या उन्हाळ्यात माझा डेटा गेला. चोरीला गेला नाही, हार्डडिस्क उडाली नाही, फाइलही चुकून डिलीट झाली नाही. एका केबलच्या टोकाला चढलेल्या निळसर-हिरव्या पापुद्र्याने तो खाल्ला. फील्डवर काम करायचा विचार असेल तर ही गोष्ट आधीच वाचून ठेवा, कारण पेट कोर्सवर्कमध्ये हे कोणी शिकवत नाही.

आधी थोडं माझ्या कामाबद्दल. मी देवरी तालुक्यातल्या माजी मालगुजारी तलावांच्या, म्हणजे आपल्याकडच्या मामा तलावांच्या, पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजते. दिवसा शेवाळ आणि पाणवनस्पती प्रकाशसंश्लेषण करतात, ऑक्सिजन वाढतो. रात्री सगळेच फक्त श्वास घेतात, त्यामुळे तो उतरत जातो आणि पहाटे, उजाडायच्या थोडं आधी, सगळ्यात कमी असतो. उन्हाळ्यात पाणी कमी आणि तापलेलं असतं, तेव्हा ही पहाटेची वेळ माशांसाठी जीवघेणी ठरू शकते. म्हणून मला चोवीस तासांची नोंद हवी, आणि त्यातही पहाटेची जास्त.

यासाठी आम्ही एक जुनी व्हॅन भाड्याने घेऊन तिची फिरती प्रयोगशाळा केली. तलावाच्या पाळीवर गाडी उभी, छतावर सोलर पॅनेल, मागे एक वेगळी १२ व्होल्टची बॅटरी. इंजिनाची बॅटरी इंजिनासाठी आणि ही दुसरी 'घरासाठी'. परदेशात लोक अशा गाड्यांत राहतात, फिरतात. आपल्याकडेही २०२१ मध्ये राज्य सरकारने कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. आमच्या व्हॅनमध्ये पलंग नव्हता, पंप, सेन्सर आणि डेटालॉगर होते, पण विजेची मांडणी तीच. घरी इन्व्हर्टर असेल तर तुमच्याकडेही जवळपास हीच मांडणी आहे, फक्त तिला चाकं नाहीत.

आता झालं काय ते सांगते. मे महिन्यात अकरा दिवसांचा डेटा उतरवला. दिवसाचे आकडे व्यवस्थित, संध्याकाळचे व्यवस्थित. मध्यरात्रीनंतर मात्र नोंदी विरळ, आणि पहाटे जवळजवळ काहीच नाही. सकाळी नऊनंतर पुन्हा सगळं सुरळीत. मी बॅटरीला मल्टिमीटर लावला तर १२.६ व्होल्ट. म्हणजे भरलेली. सेन्सर बदलला, लॉगरचं मेमरी कार्ड बदललं, फर्मवेअर पुन्हा टाकलं. चार दिवस त्यातच गेले.

इथे थांबून एक गोष्ट लक्षात घ्या, कारण खरा धोका इथेच होता. गेलेल्या नोंदी कुठल्याही नव्हत्या, बरोबर त्याच होत्या ज्यांत ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो. मी 'थोडा डेटा मिसिंग आहे' म्हणून उरलेल्याची सरासरी काढली असती, तर तलाव आहे त्यापेक्षा निरोगी दिसला असता. संख्याशास्त्राच्या तासाला 'मिसिंग ॲट रँडम' आणि 'नॉट ॲट रँडम' यातला फरक आपण परीक्षेपुरता पाठ करतो. माझ्याकडे तो एका तांब्याच्या लगमधून आला.

शेवटी गाडी घेऊन हायवेवर गेले. देवरीवरून नागपूर-रायपूर महामार्ग जातो, रात्रंदिवस ट्रक चालू असतात, त्यामुळे इथल्या बॅटरीवाल्यांनी जेवढ्या बॅटऱ्या पाहिल्यात तेवढ्या आमच्या अख्ख्या विभागाने पाहिल्या नसतील. मी मोठ्या उत्साहाने मीटर दाखवला. ते म्हणाले, "ताई, मीटर नका दाखवू. आधी लाइट लावा, मंग लगले हात लावून पाहा. गरम लागते का नाही ते सांगा."

त्यांनी ५५ वॅटचा हेडलाइटचा बल्ब आमच्या लाइनवर लावला. मिनिटाभरात पॉझिटिव्ह टर्मिनलवरची लाल रबरी टोपी कोमट झाली. टोपी काढली तर आत मोरचूद! शेतकरी बोर्डो मिश्रणात घालतात तोच, कॉपर सल्फेट. लगवर त्याची साय जमली होती, आणि टर्मिनलवर पांढरी भुकटी.

मी रसायनशास्त्राची विद्यार्थिनी, त्यामुळे थोडी लाज वाटली. पण का झालं ते समजून घेऊ.

लेड-ॲसिड बॅटरी १८५९ मध्ये गॅस्तों प्लांते यांनी बनवली आणि मूळ रसायन अजून तेच आहे. एका प्लेटवर शिसं, दुसरीवर शिशाचा डायऑक्साइड, मध्ये सौम्य सल्फ्युरिक आम्ल. वीज काढली की दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट बनतं आणि आम्ल पातळ होत जातं, चार्ज केली की उलट. म्हणूनच हायड्रोमीटरने आम्लाची घनता पाहून बॅटरी किती भरली आहे ते कळतं. पण चार्ज पूर्ण होत आला की जादा वीज पाण्याचं विघटन करते. हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे बुडबुडे निघतात आणि फुटताना आम्लाचे सूक्ष्म थेंब बाहेर उडवतात. हे थेंब झाकणावर, टर्मिनलवर, लगवर बसतात. आता तुम्ही म्हणाल, सौम्य सल्फ्युरिक आम्लात तांबं विरघळत नाही, बारावीत शिकलोय. बरोबर, पण ते हवेशिवाय. इथे हवेतला ऑक्सिजन आहे, ओलावा आहे, आणि शिसं-तांबं असे दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून आहेत. आम्लाच्या ओल्या थरात एक छोटा गॅल्व्हॅनिक सेलच तयार होतो. वरून रबरी टोपी, म्हणजे ओल वाळतही नाही आणि कोणाला दिसतही नाही.

आमच्याकडे हे इतक्या लवकर का झालं? कारण चार्ज कंट्रोलर १४.४ व्होल्टवर ठेवला होता. २५ अंश तापमानाला हे ठीक आहे. मे महिन्यात बंद व्हॅनच्या आत मात्र ४५ अंश सहज होतात. तापलेल्या बॅटरीला कमी व्होल्टेज पुरतं. प्रत्येक सेलमागे, प्रत्येक अंशाला साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट कमी करायचे असतात. सहा सेल आणि २० अंशांचा फरक, हिशेब तुम्हीच करा, अर्ध्या व्होल्टच्या आसपास येईल. आमच्या कंट्रोलरला तापमानाचा सेन्सर नव्हता. म्हणजे आम्ही रोज दुपारी बॅटरी उकळत होतो. पाणी कमी होत होतं, आम्ल उडत होतं. शिवाय लेड-ॲसिडचा ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य अर्ध्यावर येतं.

आता मुख्य प्रश्न. मीटर १२.६ दाखवत होता ते खोटं होतं का? नाही, खरं होतं. पण मीटरचा स्वतःचा रोध साधारण १ कोटी ओहम असतो, त्यातून वीज जवळजवळ वाहतच नाही. आणि वीज वाहत नसेल तर खराब जोडावर व्होल्टेज पडतही नाही. म्हणजे मी प्रश्न चुकीच्या अटीखाली विचारत होते.

बल्ब लावून, सुमारे साडेचार अँपिअर वाहत असताना, आम्ही मीटरची एक पिन टर्मिनलच्या शिशावर आणि दुसरी केबलच्या तांब्यावर ठेवली. मधे फक्त तो एक जोड. आकडा आला दीड व्होल्ट. भागाकार करा, ०.३३ ओहम. एमएस्सीला फोर-प्रोब केलं असेल तर ही तीच युक्ती आहे, वीज एका वाटेने आणि मोजणी दुसऱ्या वाटेने. तुलना म्हणून सांगते, १० चौरस मिलिमीटरची ६ मीटर तांब्याची केबल घेतली तर तिचा पूर्ण रोध ०.०१ ओहमच्या आसपास असतो. म्हणजे नखाएवढ्या जागेचा रोध अख्ख्या केबलच्या तीसपट.

आता कोडं सुटतं. आमचा पंप सुरू होताना क्षणभर ६ अँपिअर ओढतो. ६ गुणिले ०.३३ म्हणजे २ व्होल्ट गेले. लॉगर १०.५ च्या खाली रिसेट होतो. दिवसा कंट्रोलर लाइन १३.६ च्या आसपास ठेवतो, २ गेले तरी ११.६ उरतात. संध्याकाळी बॅटरी १२.७, उरले १०.७, कसंबसं पास. पहाटे १२.२, उरले १०.२. लॉगर रिसेट, नोंद गायब. सूर्य वर आला की पुन्हा सगळं आलबेल.

आणि हा केवळ डेटाचा प्रश्न नाही बरं का. अशा जोडावर होणारी उष्णता ही अँपिअरचा वर्ग गुणिले ओहम. लहान इन्व्हर्टर लावून २० अँपिअर ओढले आणि जोडाचा रोध फक्त ०.०५ असला, तरी २० वॅट एका बिंदूवर. तुमची सोल्डरिंगची इस्त्री २५ वॅटची असते. तीच इस्त्री, शेजारी हायड्रोजन. हवेत ४ टक्के झाला की तो पेट घेऊ शकतो, त्यामुळे बॅटरीच्या खोक्याला वरच्या बाजूने हवेची वाट हवीच, आणि पॉझिटिव्ह टर्मिनलच्या शक्य तितक्या जवळ फ्यूज.

दुरुस्तीचा क्रम सांगते, कारण मी तो उलटा करून एक ठिणगी पाहिली आहे. आधी सगळे लोड बंद. मग पॅनेल कंट्रोलरपासून सोडवा. मग बॅटरीची निगेटिव्ह आणि शेवटी पॉझिटिव्ह. निगेटिव्ह आधी एवढ्यासाठी की ती गाडीच्या बॉडीला जोडलेली असते. ती काढली की पॉझिटिव्हवरचा पाना चुकून बॉडीला लागला तरी शॉर्ट होत नाही. जोडताना याच्या बरोबर उलट. हातमोजे, चष्मा घाला, अंगठी-कडं काढून ठेवा. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून जुन्या टूथब्रशने टर्मिनल घासा, फेस थांबेपर्यंत. पण सेलची झाकणं घट्ट असू द्या. सोडा आत गेला तर आम्लच मारतो. नंतर साध्या पाण्याने पुसून कोरडं करा.

लग मात्र घासून वापरू नका. आम्ल तांब्याच्या बारीक तारांमधून, वातीतून तेल चढावं तसं, इन्सुलेशनच्या आत चढतं. आम्ही केबल सोलत गेलो तर एक वीत आतपर्यंत तारा काळ्या. चकचकीत तांबं लागेपर्यंत कापत जायचं, मग कथिलाचा मुलामा असलेली नवी लग, व्यवस्थित क्रिम्पिंग टूलने दाबायची (पकडीने नाही!), वरून आतल्या बाजूला गोंद असलेली हीट श्रिंक नळी. लग थेट शिशाला टेकली पाहिजे, मधे वॉशर नको. घट्ट झाल्यावर बाहेरून पेट्रोलियम जेली. जेली आधी लावून मग जोडायचं की नंतर, यावर वाद आहेत. मी नंतरवाली आहे.

पाण्याबद्दल एवढंच की फक्त डिस्टिल्ड वॉटर, आणि चार्ज झाल्यावर. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर चार्जच्या आधी त्या बुडतील एवढंच. बोअरचं नाही, आरओचंही नाही, कारण त्यातही क्षार उरतात. आणि वरून ॲसिड कधीच घालू नका, बाष्प होऊन पाणी जातं, आम्ल आतच राहतं. बॅटरी निम्म्याच्या खाली, म्हणजे विश्रांतीनंतर साधारण १२.२ च्या खाली, वारंवार उतरू देऊ नका. उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की लेड सल्फेटचे स्फटिक मोठे होतात आणि मग चार्जला दाद देत नाहीत. गाडीची स्टार्टर बॅटरी या कामाला घेऊच नका. तिच्या प्लेटा पातळ असतात, क्षणभर भरपूर वीज द्यायला बनवलेल्या. इन्व्हर्टरची ट्यूब्युलर घ्या.

आता दर पंधरवड्याला मी तोच बल्ब लावते आणि प्रत्येक जोडावरचे मिलिव्होल्ट वहीत लिहिते. चांगल्या जोडावर ते मोजकेच येतात. मागच्या वेळेपेक्षा दुप्पट दिसले की जोड उघडायचा, गरम होण्याची वाट पाहायची नाही.

त्या अकरा रात्री परत आल्या नाहीत. पाऊस आला, तलाव भरला, पुढच्या मे महिन्यापर्यंत थांबावं लागलं. गाइडनी विचारलं, 'इंटरपोलेट करता येईल का?' मी नाही म्हटलं, आणि तक्त्यात त्या रकान्यांपुढे कारणासकट 'नोंद नाही' असं लिहिलं. लॉगरच्या फाइलमध्ये आता एक जादा रकाना आहे, पंप सुरू होतानाच्या क्षणी लॉगरला मिळालेलं व्होल्टेज. ऑक्सिजनचा आकडा बघण्याआधी मी तो बघते.