राखेचा हिशेब

जुलै २०२५ मध्ये देशातल्या बहुतेक औष्णिक वीज केंद्रांना गंधक पकडणारी यंत्रणा बसवण्यातून सूट मिळाली. आपल्या कोळशात गंधक कमी, हे त्यामागचं एक कारण. ते खोटं नाही. विदर्भातल्या एका केंद्राच्या प्रयोगशाळेत एश्का मिश्रणात कोळसा भाजून, बेरियम सल्फेटचा पांढरा साका गाळून मी गंधक मोजलेलं आहे. आकडा क्वचितच डोळ्यांत भरायचा. आपल्या कोळशाचं दुखणं राखेचं. आणि खाणीपासून लांबच्या व शहरालगतच्या केंद्रांसाठी असलेली ३४ टक्के राखेची मर्यादा तर मे २०२० मध्येच उठली. टाळेबंदी होती, फारसा गवगवा झाला नाही.

वरोऱ्याची कोळसा खाण १८७१ ची, खाणींचं राष्ट्रीयीकरण १९७३ चं. तो इतिहास पुस्तकांत आहे. मी पाहिलं ते नव्वदचं दशक.

तेव्हा भाव ठरायचा उपयुक्त उष्मांकाच्या एका सूत्रावर: ८९०० वजा १३८ गुणिले राख आणि ओल यांची बेरीज. बेरीज ४० आली तर ३३८०, म्हणजे ‘ई’ ग्रेड. ४१ आली की ३२४२, थेट ‘एफ’. एका टक्क्यावर आख्ख्या रेकचे पैसे फिरत. उष्मांक थेट मोजणारा बॉम्ब कॅलरीमीटर आमच्याकडे होता, पण त्याचं उत्तर बिलात कोणी धरत नसे.

मोजणीत गडबड व्हायला जागाच नव्हती. २१२ मायक्रॉनच्या चाळणीतून उतरलेला एक ग्रॅम कोळसा सिलिकाच्या बशीत पसरायचा, भट्टी ८१५ अंशांवर, वजन स्थिर होईपर्यंत. लोह जास्त असलं तर राख विटकरी निघे. खरी मारामारी वाघिणीपाशी. नमुन्याचा ढीग शंकूसारखा रचून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, पुन्हा रचायचे. “मॅडम, दगड आत घेऊ का?” आमचा मदतनीस विचारी. आम्ही म्हणायचो घे, कोळसा कंपनीचा प्रतिनिधी म्हणायचा फेक. दगडाचे पैसे आपण दिलेत तर तो मोजला जायलाच हवा, हे माझं मत अजून बदललेलं नाही. वरिष्ठांना मात्र वाद नको असायचा, नि सह्या हव्या असायच्या.

३४ टक्क्यांची मर्यादा घालणारी १९९७ ची अधिसूचना आली तेव्हा आशा वाटली. धुऊन किती राख निघेल हे पाहायला झिंक क्लोराइडच्या द्रावणात कोळसा सोडून कोणता तरंगतो, कोणता बुडतो ते बघणं हे सुखाचं काम होतं. पण गोंडवाना कोळशात माती पिठात मळल्यासारखी मुरलेली. धुऊन वरवरचीच निघते.

२०१२ पासून उष्मांकावर १७ ग्रेड झाले, पुढे त्रयस्थांकडून नमुने घेणंही आलं. ते चांगलंच झालं. ३४ टक्क्यांची अट काढताना मात्र, धुतल्याने राख नाहीशी होत नाही, वॉशरीत उरते, असा युक्तिवाद झाला. बरोबर आहे. मग वॉशरीबाहेर पडणाऱ्या टाकाऊ कोळशाचं, म्हणजे रिजेक्टचं, वजन कोण करणार होतं, कुठे जाळणार होतं, हे आधी ठरवायचं होतं. ते न करता अटच काढली.