दुसरें दुकान काढावें काय ?

सायंकाळीं सातच्या सुमारास डोंबिवली स्टेशनावर उतरणाऱ्या माणसास पोळी-भाजी केंद्रांपुढील गर्दी नव्यानें दाखवावयास नको. नवरा-बायको दोघेंही मुंबईच्या गाडीनें कामावर जाणारीं. घरीं परतावयास रात्र होते. तेव्हां वाटेंतच आठ पोळ्या आणि पावशेर भाजी घेतली जाते. ठाणें, कल्याण व डोंबिवली येथील हे घरगुती धंदे रेल्वेच्या वेळापत्रकाबरोबरच वाढले, असें म्हणावयास हरकत नाहीं.

अशा एखाद्या केंद्राचें नांव झालें, कीं "आतां ठाण्यासहि एक शाखा काढा" असा आग्रह गिऱ्हाइकेंच करूं लागतात. आग्रह गोड असतो. परंतु शाखेचें भाडें कांहीं गिऱ्हाईक देत नाहीं.

समजा, पोळीची किंमत 10 रुपये आहे. पीठ, तेल, गॅस व कागद यांचे 5 रुपये आणि लाटणाऱ्या-भाजणाऱ्या बाईची मजुरी 2 रुपये वजा जातां मालकिणीच्या हातीं 3 रुपये उरतात. नव्या जागेचें भाडें महिना 30,000, देखरेखीच्या दोन माणसांचा पगार 24,000 आणि वीज व किरकोळ खर्च 6,000, मिळून 60,000 रुपये झाले. एवढी रक्कम निघावयास महिन्याला 20,000 पोळ्या विकल्या पाहिजेत. कामाचे दिवस 25 धरल्यास रोज 800. नफा 801 व्या पोळीपासून ! अनामत रक्कम आणि नवीं भांडीं यांचा हिशेब यांत धरलेलाच नाहीं.

मग पहिलें दुकान इतकें चांगलें कां चालतें ? कारण तें बहुधा स्वतःच्याच घरांत असतें आणि पहांटे चारला उठून कणीक तिंबणारी बाई स्वतःस पगार लावीत नाहीं. तेथील नफ्यांत घराचें भाडें व तिची मजुरी दडलेली असते. दुसऱ्या दुकानांत तींच दोन कलमें उघड खर्च होऊन समोर उभीं राहतात. शिवाय 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्यान्वयें प्रत्येक जागेची नोंदणी वा परवाना निराळा.

या बाबतींत 'लिज्जत पापडा'चें उदाहरण पाहण्यासारखें आहे. 15 मार्च 1959 रोजीं गिरगांवांत सात स्त्रियांनीं 80 रुपये उसने घेऊन पापड लाटावयास आरंभ केला. पहिल्या वर्षीं पावसाळ्यानें काम चार महिने बंद पाडलें. पुढील वर्षीं त्यांनीं एक खाट व एक स्टोव्ह घेतला. पापड खाटेवर आणि स्टोव्ह खाटेखालीं! 1961 मध्यें मालाड येथें शाखा काढण्याचा प्रयत्न फसला. मात्र जागा अपुरी पडूं लागली तेव्हां त्यांनीं मोठी इमारत शोधली नाहीं; पीठ एका ठिकाणीं मळून बायकांनीं तें घरीं लाटावयास न्यावें, अशी व्यवस्था लाविली. चव ज्यावर अवलंबून, तें पीठ एका देखरेखीखालीं राहिलें आणि जागा खाणारें काम घरोघरीं वांटलें गेलें. धंदा वाढला तो येथें.

पोळीच्या बाबतींत हें जसेंच्या तसें जमणार नाहीं. पापड टिकतो; पोळी दुपारपर्यंत वातड होते. पण डोंबिवलीच्या केंद्रांत तवा अकरापासून पांचपर्यंत थंड असतो. त्या वेळांत पुरणपोळी, दिवाळीपूर्वीं चकल्या-लाडू, एवढें केलें तरी भाडें न वाढतां विक्री वाढते.

ठाण्याचा मोह सुटतच नसेल, तर तेथील मागणी आधीं जुन्याच चुलीवर पुरवून पाहावी. रोजच्या शंभर पोळ्या लोकलच्या मालडब्यांतून धाडाव्या आणि किती परत येतात तें वहींत मांडावें. मात्र ही वही एका महिन्याची नसावी. मे महिन्यांत बिऱ्हाडें गांवीं जातात, गणपतींत अर्धा ठाणें जिल्हा कोंकणांत असतो, आणि जुलैंत एखादे दिवशीं गाड्याच बंद पडतात. हे तिन्ही प्रसंग वहींत येऊन गेल्यावर जागेच्या मालकाशीं बोलणें करावें.