केटोची तत्त्वनिष्ठा आणि रोमन प्रजासत्ताकाचा अस्त

इ. स. पू. ४६ च्या एप्रिल महिन्यात उत्तर आफ्रिकेतील युटिका या नगरात मार्कस पोर्सियस केटो याने आपल्या तलवारीने स्वतःचा अंत करून घेतला. ज्यूलियस सीझरचे विजयी सैन्य जवळ येऊन ठेपले होते. सीझरकडून जीवदान मिळणे अशक्य नव्हते. परंतु क्षमा स्वीकारणे म्हणजे क्षमा करण्याचा त्याचा अधिकार मान्य करणे, अशी केटोची भूमिका होती. या मृत्यूने तो प्रजासत्ताकाचा हुतात्मा ठरला. मात्र त्या प्रजासत्ताकाच्या विनाशात त्याच्या तत्त्वनिष्ठेचाही काही वाटा होता काय, हा प्रश्न त्या हौतात्म्यामुळे बराच काळ झाकला गेला.

केटोच्या सचोटीविषयी दुमत नाही. खजिन्याचा अधिकारी असताना त्याने, सुल्लाच्या राजवटीत विरोधकांच्या हत्येबद्दल ज्यांना इनाम मिळाले होते, त्यांच्याकडून ती रक्कम परत वसूल केली. सायप्रसच्या मोहिमेहून त्याने सुमारे ७,००० टॅलेंट चांदी आणली आणि त्यातील काहीही स्वतःकडे ठेवले नाही. त्या काळच्या रोममध्ये ही गोष्ट जवळजवळ अविश्वसनीय होती.

खरी कसोटी इ. स. पू. ६० च्या सुमारास लागली. पूर्वेकडील मोहिमा जिंकून परतलेल्या पॉम्पीने इटलीत पाय ठेवताच आपले सैन्य विसर्जित केले होते. सैनिकांना जमीन मिळावी आणि पूर्वेकडील व्यवस्थेस सिनेटने मान्यता द्यावी, एवढीच त्याची मागणी होती. केटो व त्याच्या सहकाऱ्यांनी ती रोखून धरली. क्रॅससचा पाठिंबा असलेल्या करवसुली ठेकेदारांना सवलत हवी होती. तीही केटोने नाकारली. विजययात्रेच्या प्रतीक्षेत नगराबाहेर थांबलेल्या सीझरने अनुपस्थितीत उमेदवारी दाखल करण्याची परवानगी मागितली, तेव्हा केटो सूर्यास्तापर्यंत बोलत राहिला आणि मतदानाची वेळ टळली. कायद्याच्या दृष्टीने यातील बहुतेक विरोध समर्थनीय होता. परिणाम असा झाला, की एरवी परस्परांवर अविश्वास असलेले हे तिघे एकत्र आले. केटो जणू प्लेटोच्या आदर्श राज्यात बोलत आहे, अशी तक्रार सिसेरोने मित्राला लिहिलेल्या पत्रात केली, ती याच काळातली. पॉम्पीने केटोच्या घराण्याशी सोयरीक मागितली होती. तिला नकार मिळाल्यावर त्याने सीझरच्या कन्येशी विवाह केला. केटोचा प्रशंसक असलेल्या प्लूटार्कनेही या नकाराबद्दल त्याला दोष दिला आहे.

तथापि केटो नेहमीच ताठर होता, असे मानणे चूक ठरेल. इ. स. पू. ६२ मध्ये गरीब जनता सीझरकडे झुकू नये म्हणून त्याने धान्यवाटपाचा विस्तार घडवून आणला. त्यापूर्वीच्याच वर्षी कॅटिलाइनच्या साथीदारांना खटल्याविना देहदंड देण्याचा आग्रह त्याने धरला, म्हणजे नागरिकाचा दाद मागण्याचा हक्कच बाजूला सारला. सीझरला शह देण्यासाठी आपला जावई बिब्युलस याच्या निवडणुकीत वाटल्या गेलेल्या लाचेकडेही त्याने राज्यहिताच्या नावाखाली डोळेझाक केली. तात्पर्य, तत्त्व कोठे सैल करावे हे त्याला कळत होते. फक्त ते पक्षहिताच्या बाजूने अधिक सहज सैल होत असे. जमिनीचा प्रश्न आणि सेनापतींवर अवलंबून राहिलेले सैनिक या मूळ दुखण्यावर मात्र त्याच्या गटाकडे कोणताही उपाय नव्हता.

इ. स. पू. ५० च्या डिसेंबरमध्ये सीझर आणि पॉम्पी या दोघांनीही आपापली सेनापतिपदे सोडावीत, असा प्रस्ताव क्युरिओने सिनेटमध्ये मांडला. त्याच्या बाजूने ३७० आणि विरोधात केवळ २२ मते पडली. कॉन्सल मार्सेलसने सभा बरखास्त केली, पॉम्पीकडे जाऊन त्याच्या हाती प्रजासत्ताकाच्या रक्षणासाठी तलवार दिली, आणि त्या ३७० जणांपैकी कोणीही त्याला अडवू शकले नाही. पुढच्याच महिन्यात एका नागरिकाने राज्याला अटी घालाव्यात हे केटोला मान्य नसल्याने, समेटाच्या अखेरच्या प्रयत्नांनाही त्याने विरोध केला. त्याच महिन्यात सीझरने रुबिकॉन नदी ओलांडली.