प्रजनक माशांचा आहार
मत्स्यबीज मिळविण्यासाठी राखलेल्या पक्व नर-माद्यांना द्यावयाचे खाद्य. पीतकाचे प्रथिन मादीच्या यकृतात तयार होऊन रक्तावाटे अंडाशयात जाते. अंड्यातून निघालेल्या डिंभाला तोंड उघडेपर्यंत पीतक हीच शिदोरी. त्यामुळे विणीपूर्वीच्या महिन्यांत आवश्यक वसाम्ले, ई व क जीवनसत्त्वे कमी पडल्यास थोडीच अंडी फलित होतात व डिंभ दुबळे निपजतात. कटला, रोहू, मृगळ यांना भुईमुगाची पेंड व भाताचा कोंडा समभाग देण्याची जुनी रीत स्वस्त खरी; पण तीत यांपैकी काही द्रव्ये अपुरीच असतात. १९५७ मध्ये कटक येथे यशस्वी ठरलेल्या पोष ग्रंथीच्या अर्काच्या अंतःक्षेपणाने मादी अंडी घालते. निकृष्ट अंडी मात्र त्याने सुधारत नाहीत. अतिखाद्यही अपायकारक असते, कारण उदरात चरबी साचून अंडाशयाची वाढ खुंटते.