मधुमेह आणि कोलेस्टेरॉल

मधुमेही व्यक्तींच्या रक्तातील मेदद्रव्यांच्या प्रमाणात व स्वरूपात होणाऱ्या बिघाडास मधुमेहजन्य मेदविकृती म्हणतात. ती मुख्यतः दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात आढळते. ट्रायग्लिसराइडचे वाढलेले प्रमाण, एचडीएल कोलेस्टेरॉलचे घटलेले प्रमाण आणि एलडीएलचे लहान व घन कण ही तिची तीन प्रमुख लक्षणे होत.

कारणे

इन्शुलिन हे संप्रेरक रक्तशर्करेबरोबरच मेदाच्या चयापचयाचेही नियमन करते. मेदपेशींत साठलेल्या मेदाचे विघटन ते रोखून धरते. शरीराचा इन्शुलिनला मिळणारा प्रतिसाद मंदावला, की हा अटकाव सैल पडतो आणि मुक्त मेदाम्ले मोठ्या प्रमाणात यकृताकडे जातात. यकृत त्यांपासून ट्रायग्लिसराइड तयार करून व्हीएलडीएल कणांच्या रूपाने रक्तात सोडते. या कणांची इतर कणांशी मेदद्रव्यांची देवाणघेवाण होते; परिणामी एचडीएल घटते व एलडीएलचे कण आकाराने लहान होतात.

त्यामुळे तपासणीत एलडीएल कोलेस्टेरॉलचा आकडा सर्वसाधारण दिसला, तरी प्रत्यक्ष कणांची संख्या जास्त असू शकते. हे कण धमन्यांच्या भिंतीत शिरून तेथे मेदाचे थर साचण्यास कारणीभूत ठरतात.

रक्तशर्करेच्या नियंत्रणाचा परिणाम

शर्करा आटोक्यात आल्यावर ट्रायग्लिसराइड सहसा कमी होतात; एलडीएलवरील परिणाम मात्र मर्यादित असतो. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या यूकेपीडीएस या ब्रिटिश अभ्यासात शर्करेच्या काटेकोर नियंत्रणामुळे सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे विकार घटल्याचे दिसले. हृदयविकाराच्या झटक्यांतील घट तेव्हा निर्णायक ठरली नव्हती. २००८ सालच्या पाठपुराव्यात ती स्पष्ट झाली.

याउलट, २००४ सालच्या कार्ड्स या चाचणीत एलडीएल फारसे वाढलेले नसलेल्या व पूर्वी हृदयविकार नसलेल्या २,८३८ मधुमेहींचा समावेश होता. अटोर्व्हास्टॅटिन हे औषध घेणाऱ्यांमध्ये हृदय व मेंदूच्या रक्तवाहिन्यांशी संबंधित गंभीर घटना ३७ टक्क्यांनी कमी आढळल्या.

उपचार

आहारनियमन, नियमित व्यायाम, वजन घटवणे व धूम्रपान वर्ज्य करणे हा उपचारांचा पाया होय. ४० ते ७५ वर्षे वयाच्या बहुतेक मधुमेहींना स्टॅटिन गटातील औषधांची शिफारस केली जाते. स्टॅटिनमुळे रक्तशर्करा किंचित वाढू शकते. तथापि मधुमेहींमध्ये त्यांचा लाभ या वाढीपेक्षा बराच अधिक मानला जातो.

एचबीए१सी ही चाचणी मागील दोन-तीन महिन्यांतील सरासरी शर्करा दर्शवते, मेदद्रव्यांची स्थिती नव्हे. म्हणून ती समाधानकारक असली, तरी मेदद्रव्यांची तपासणी स्वतंत्रपणे करावी लागते आणि केवळ तिच्या आधारे स्टॅटिन बंद करणे योग्य ठरत नाही.