शिवालिकचा जबडा

शिवालिकच्या टेकड्यांत १९३२ साली एडवर्ड लुईस यांना जबड्याचा एक तुकडा सापडला. त्यांनी त्यास 'रामापिथेकस' हे नाव दिले. १९६०च्या दशकात तोच मानवाचा आद्य पूर्वज गणला गेला. राम आमचा, भूमीही आमची. आम्हांस धन्यता वाटली नसती तरच नवल! परंतु पाकिस्तानातील पोटवारच्या त्याच कुळातील कवटीचे साम्य ओरांगउटानशी निघाले. १९८२ साली ते जाहीर करणारे डेव्हिड पिलबीम पूर्वी रामापिथेकसचेच कट्टर पुरस्कर्ते होते! पुराव्यापुढे स्वमत सोडण्याचे हे धैर्य आमच्या मुलांनी कोठे पाहावे? एनसीईआरटीने २०२३ साली दहावीच्या विज्ञानातून उत्क्रांती वगळली. बारावीला जीवशास्त्र घेणाऱ्यांपुरतीच ती ठेवली. हा निर्णय आम्हांस मान्य नाही.