पाठीतली नळी, उशाशी भूलतज्ज्ञ

रात्री दोन वाजता तुमचे भूलतज्ज्ञ कुठे असतात?

ठाण्यात, कल्याणात किंवा डोंबिवलीत बाळंतपणासाठी नाव नोंदवताना हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. नॉर्मल होईल ना, स्पेशल रूम मिळेल ना, पॅकेज कितीचं, एवढ्यात चौकशी संपते. कळांची वेदना कमी करणाऱ्या एपिड्युरलचा विषय निघालाच तर तोही एकाच वळणावर जातो: पाठीत इंजेक्शन घेतलं की कंबर जन्माची जाते म्हणतात, खरं का?

कंबरेचं आधी मिटवून टाकू, म्हणजे पुढचं बोलता येईल. सुई टोचली त्या जागी दोन-चार दिवस ठणका राहतो, हे खरं. पण एपिड्युरल घेतलेल्या आणि न घेतलेल्या बायकांची पुढे महिनोन्‌महिने पाहणी झाली, तेव्हा जुनाट कंबरदुखीत फरक दिसला नाही. कंबर दुखते ती नऊ महिने पुढे ओढणाऱ्या पोटामुळे, सैलावलेल्या सांध्यांमुळे, आणि नंतर रात्ररात्र वाकून पाजल्यामुळे. शिवाय आत्या-मावश्या ज्या ‘पाठीतल्या इंजेक्शना’च्या कहाण्या सांगतात ते बहुतेक वेळा सिझरच्या वेळचं स्पायनल असतं. ते वेगळं. बारीक सुईनं एकदाच औषध सोडायचं, पाच-दहा मिनिटांत छातीखालचं शरीर बधिर, दोनेक तासांत उतार. एपिड्युरलला बाळंतपणाच्या चालीनं चालायचं असतं, तासन्‌तास.

ते देतात कसं, हे एकदा नीट पाहायला हवं. हाताला सलाईन लागलेलं असतं. बाईला पलंगाच्या कडेला बसवतात, पाय खाली सोडलेले, पोटाशी उशी. हनुवटी छातीला टेकवायची, खांदे सैल सोडायचे, पाठ मांजरीसारखी बाहेर काढायची. ऐकायला सोपं आहे. पिशवीचं तोंड चार-पाच सेंटिमीटर उघडलंय, दर तीन मिनिटांनी कळ येतेय आणि तेवढ्यात कुणी सांगतंय की अजिबात हलू नका! म्हणून भूलतज्ज्ञ मागून विचारत राहतात, “कळ येतेय का? येऊ दे, जाऊ दे, मग करू.” समोर सिस्टर खांदे धरून उभी असते. पाठीवर गारढोण औषधाचा बोळा फिरतो, चिकट कापड लागतं, मग कातडी बधिर करायचं छोटं इंजेक्शन. ते चुणचुणतं. टोचण्याचा खरा त्रास एवढाच. पुढची सुई जाड असली तरी तिचा जाणवतो तो दाब.

ही सुई कंबरेच्या तिसऱ्या-चौथ्या मणक्याच्या फटीतून जाते. मोठ्या माणसाचा मज्जारज्जू त्याच्या बराच वर, कंबरेच्या पहिल्या मणक्यापाशी संपलेला असतो, त्यामुळे ‘मज्जारज्जूत सुई’ ही भीती जागा चुकलेली आहे. सुईच्या मागे सलाईन भरलेली सिरिंज असते. भूलतज्ज्ञ अंगठ्यानं ती दाबत दाबत सुई किंचित-किंचित पुढे सरकवतात. मणक्यांमधला पिवळा बंध लागला की सिरिंज दबत नाही. तो पार झाला की विरोध एकदम सुटतो आणि पाणी सरकन आत जातं. कातडीपासून साधारण चार ते सहा सेंटिमीटर आत आलेला तो क्षण ओळखायला अजूनही बहुतेक ठिकाणी यंत्र नाही, अंगठाच आहे. त्यापुढे काही मिलिमीटरवर मणक्यातलं पाणी सांभाळणारं आवरण असतं, ज्याला धक्का लागता कामा नये.

मग सुईतून मिलिमीटरभर जाडीची मऊ नळी आत सारतात. या वेळी कधी कधी एका पायात झिणकन मुंगी जाते. दचकायला होतं, पण लगेच थांबते. आणि सुई बाहेर काढतात. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण पुढचे सात-आठ तास पाठीत सुई रुतून राहणार, असं समजून नको म्हणणाऱ्या बायका कमी नाहीत. मागे उरते ती फक्त नळी, खांद्यापर्यंत चिकटपट्टीनं लावलेली. तिच्यावर पाठ टेकता येते.

आधी थोडं औषध देऊन नळी रक्तवाहिनीत किंवा आतल्या पाण्यात गेलेली नाही ना, हे तपासतात. मग खरा डोस: ब्युपिव्हाकेन किंवा रोपिव्हाकेन, अगदी पातळ केलेलं, सोबत चिमूटभर फेन्टानिल. दहा ते वीस मिनिटं लागतात. आधी कळेचा माथा बोथट होतो, मग ती आखूड वाटू लागते, आणि शेवटी पोट कडक झालेलं हाताला लागतं, मॉनिटरवर रेघ चढलेली दिसते, पण ओरडावंसं वाटत नाही. पाय गरम, जड. दात वाजावेत अशी थंडी भरू शकते, अंगाला खाज सुटू शकते. दोन्ही औषधाचे खेळ. आदल्या रात्रीपासून जागी असलेली बाई इथे चक्क झोपते. बाहेर बसलेल्या नातेवाइकांना ही शांतता घाबरवते, तो भाग वेगळा.

‘पेनलेस डिलिव्हरी’च्या पाट्या एक गोष्ट सांगत नाहीत. दाब जात नाही. बाळाचं डोकं खाली येतं तेव्हा शौचाला लागल्यासारखं जड वाटतं, आणि ते वाटायलाच हवं, नाहीतर जोर कुठे लावायचा ते कळणार नाही. हे आधी माहीत नसलं की बाई घाबरते, ‘औषध लागलंच नाही’ म्हणते. बाकी सरंजामही असतोच: सुरुवातीला दर पाच मिनिटांनी बीपी, पोटावर बाळाच्या ठोक्यांचे पट्टे, कुशीवर झोपायचं, लघवीला कळत नाही म्हणून नळी. खोलीभर फेऱ्या मारत बाळंत व्हायचं असेल, तर हा मार्ग अडचणीचा वाटेल.

एपिड्युरलनं सिझर वाढतं का? नाही. २०१८च्या कोक्रेन आढाव्यानं अनेक चाचण्या एकत्र तपासून हेच सांगितलं. चिमटा किंवा व्हॅक्यूम लावण्याचं प्रमाण जुन्या अभ्यासांत जास्त दिसायचं. २००५ नंतरच्या, पातळ औषधांच्या अभ्यासांत तो फरक उरला नाही. जोर लावायचा टप्पा मात्र थोडा लांबतो. ब्रिटनमधल्या प्रसूती-भूलतज्ज्ञांची संघटना आपल्या बायकांना आकडे स्पष्ट सांगते: आठ-दहात एकीला ते पुरेसं लागू पडत नाही, पन्नासात एकीचं बीपी बऱ्यापैकी घसरतं, शंभरात एकीला तीव्र डोकेदुखी होते, आणि सहा महिन्यांहून जास्त टिकणारी नसेची इजा सुमारे १३,००० मध्ये एकीला. एका कुशीला भूल चढते आणि दुसरी तशीच राहते, असंही होतं. मग नळी थोडी मागे ओढायची, कूस बदलायची, नाहीच जमलं तर पुन्हा घालायची.

हे सगळं करायला कुणीतरी तिथे असावं लागतं. आपल्याकडची खरी गाठ इथे आहे.

ठाण्याच्या नौपाड्यात, कल्याणच्या मुरबाड रोडला, डोंबिवलीच्या मानपाडा रोडला पहिल्या मजल्यावरची दहा-पंधरा खाटांची प्रसूतिगृहं आहेत. एक स्त्रीरोगतज्ज्ञ, बहुतेकदा नवराही डॉक्टर, तीन-चार सिस्टर, दोन मावशी. पगारी भूलतज्ज्ञ तिथे परवडत नाही. भूलतज्ज्ञ फोनवर येतात, स्कूटरवर येतात, सकाळी एकीकडे हर्निया, दुपारी दुसरीकडे सिझर, संध्याकाळी तिसरीकडे मोतीबिंदू. सिझरला त्यांचा तासभर जातो आणि हिशोब मिटतो. पहिलटकरणीचं एपिड्युरल म्हणजे आठ-दहा तासांची बांधिलकी. नळी घालून निघून गेलं आणि पाऊण तासानं बीपी पडलं, तर कल्याण-शीळ रस्त्याच्या कोंडीतून ते परत कधी येणार? घोडबंदरला पावसाळ्यात ट्रक उलटला तर? चांगले भूलतज्ज्ञ अशा अटीवर नळी घालायलाच नकार देतात, आणि बरोबर करतात. मोठ्या कॉर्पोरेट रुग्णालयांत ते चोवीस तास इमारतीत असतात. तुम्ही जादा पैसे मोजता ते बहुतांशी याचे.

सरकारी दवाखान्यात गणित निराळं. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं, म्हणजे भूलशास्त्राचा विभाग आहेच. पण कल्याणच्या रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीच्या शास्त्रीनगर रुग्णालयातून गुंतागुंतीच्या बाळंतिणी तिकडेच धाडल्या जातात. झटके आलेली एक, रक्तस्राव होणारी एक, बाळाचे ठोके उतरलेली एक. अशा रात्री भूलतज्ज्ञाचे हात ऑपरेशन थिएटरमध्ये गुंतलेले असतात, आणि चारचौघींसारख्या कळा देणाऱ्या बाईचा नंबर लागत नाही. तिला फार तर ट्रामाडॉलचं इंजेक्शन मिळतं. तेवढ्यानं गुंगी येते, कळ तिथेच राहते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या खासगी रुग्णालयांत ४७.४ टक्के बाळंतपणं सिझरनं झाल्याची नोंद आहे. याला कारणं पुष्कळ. पण लेबर रूमबाहेर बसलेल्या कुणालाही हे वाक्य ओळखीचं असेल: “डॉक्टर, आता पोट फाडा, पण सोडवा.” आई म्हणते, सोसवत नाही हो पोरीला. सासू मान डोलावते. मला विचाराल तर आपल्या उपनगरांत सिझर हाच अनेकींचा वेदनेवरचा उपाय होऊन बसला आहे. तासाभरासाठी मिळणारे भूलतज्ज्ञ दहा तासांसाठी मिळत नाहीत, म्हणून पोटावर टाके पडतात.

सोसण्याचं कौतुक हा याचा दुसरा अर्धा भाग. “आम्ही काय दगडाच्या होतो?” हा सासूबाईंचा सवाल रागाचा नसतो, त्यात स्वतःच्या तरुणपणीचं न विचारलं गेलेलं दुखणं असतं. कल्याणला तर या बाबतीत फार जुना इतिहास आहे. पारनाक्याच्या जोशांची लेक, पुढे डॉ. आनंदीबाई, चौदाव्या वर्षी बाळंत झाली. मूल दहा दिवसांचं होऊन गेलं. त्यानंतर ती फिलाडेल्फियाला गेली आणि १८८६ साली एम.डी. झाली. प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. ती बाळंत झाली त्याच्या तीसेक वर्षं आधी, १८४७ साली, एडिनबराच्या जेम्स सिम्पसननं बाळंतिणीला ईथर आणि क्लोरोफॉर्म देऊन दाखवलं होतं. १८५३ मध्ये व्हिक्टोरिया राणीनं लिओपोल्ड या मुलाच्या वेळी क्लोरोफॉर्म घेतल्यावर विलायतेत टीकेचा सूर बराच उतरला. कंबरेतून एपिड्युरल द्यायची रीत १९२१ साली फिदेल पाहेस या स्पॅनिश लष्करी शल्यविशारदानं मांडली. आज अमेरिकेत दहातल्या सातेक बायका कंबरेतून भूल घेतात, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८च्या शिफारशींत मागणाऱ्या निरोगी बाईला एपिड्युरल द्यावं असं लिहिलेलं आहे. मागणं हेच कारण पुरेसं. वेगळं दुखणं दाखवावं लागत नाही.

मागायचं तर सातव्या-आठव्या महिन्यातच बोलायला हवं. भूलतज्ज्ञांना एकदा भेटून घ्यावं, पाठीचं जुनं ऑपरेशन असेल तर कागद दाखवावेत. रक्त पातळ करणारी हेपरिनच्या जातीची इंजेक्शनं चालू असतील तर शेवटच्या डोसाची वेळ महत्त्वाची. नेहमीच्या छोट्या डोसानंतरही साधारण बारा तास थांबतात. प्लेटलेट्स फार उतरल्या असतील तर नळी घालत नाहीत, आणि आपल्याकडे डेंग्यूचा हंगाम गणपतीच्या आगेमागे असतो, हे त्या दिवसांत बाळंत होणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. ‘अजून लवकर आहे, चार सेंटिमीटर होऊ देत’ हा जुना नियम आता कुणी धरून बसायचं कारण नाही. उशीर मात्र खरोखर होतो. तोंड पूर्ण उघडलं की बहुधा बसणंच जमत नाही. आणि लेबर रूममध्ये कुणी नुसतं ‘एपि’ म्हणालं तर ते बहुधा खालच्या कापाबद्दल बोलत असतात, एवढंही माहीत असावं.

बाळ आल्यावर नळी काढतात. सोलल्यासारखी चिकटपट्टी निघते, तोच काय तो त्रास. नळीचं टोक अख्खं आलं ना, ते पाहून नोंद करतात. काही तासांत पायांत जोर येतो; पहिल्यांदा उठताना सिस्टरचा हात धरूनच उठायचं.

शंभरातल्या त्या एकीची गोष्ट यानंतर सुरू होते. आवरणाला सुई लागलेली असते, आतलं पाणी झिरपत असतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती माहेरी पोचलेली असते, कदाचित साताऱ्याला किंवा चिपळूणला. बसलं की डोकं मानेपासून कपाळापर्यंत ठणकतं, आडवं झालं की थांबतं. घरात निदान तयार असतं: वारं लागलं, कानाला बांध, ओव्याचा शेक घे. वारं लागलेलं नसतं. हे दुखणं बसण्या-निजण्याबरोबर बदलतं, हीच त्याची खूण. पाणी, गोळ्या, विश्रांतीनं उतरलं तर ठीक. नाही उतरलं तर तिच्याच दंडातलं थोडं रक्त घेऊन पाठीत त्याच जागी सोडतात, ते गोठून भोक बुजवतं आणि पुष्कळदा काही तासांत डोकं उतरतं. मात्र ताप, धूसर दिसणं, झटका किंवा वाढलेलं बीपी सोबत असेल तर वाट न पाहता जवळचं मोठं रुग्णालय गाठायचं, कारण मग कारण वेगळं असू शकतं.

डिस्चार्जच्या फाइलवर बालरोगतज्ज्ञांचा नंबर असतो, लसीकरणाच्या तारखा असतात, बिलाची पावती टाचलेली असते. भूलतज्ज्ञांचा नंबर छापलेला नसतो. निघण्याआधी तो मागून, पेनानं पहिल्याच पानावर लिहून घ्यावा.